एकशेदहा मिनिटांची साक्ष

१

पडद्यावर सहा उंदीर ओळीनं दिसत होते आणि सहाही उंदरांचे सांगाडे लख्ख उजळलेले होते. कवटी, मणके, शेपटीतली एकेक गाठ, पुढच्या पंज्यांची मोहरीएवढी हाडं. एलादिओ काराम्बुला चष्मा कपाळावर सारून पडद्याच्या अगदी जवळ गेला. त्याची सत्तरी उलटली होती, किरणोत्सारी औषधं बनवणाऱ्या या केंद्रातली नोकरी सोडूनही सात वर्षं झाली होती, तरी असं चित्र समोर आलं की त्याचा श्वास अजून अडकायचा. कातडीला धक्का न लावता शरीराच्या आतून येणारा हा उजेड. आयुष्यभर त्याची राखण करूनही एलादिओला त्याची सवय झाली नव्हती.

"सुंदर आहे," तो हळूच म्हणाला.

"सुंदर?" संचालक बेंतांकोर मागून म्हणाला. "मास्तर, हे आमचं मढं आहे आणि तुम्ही त्याच्या नाकाडोळ्यांचं कौतुक करताय."

एलादिओ ओशाळला. बेंतांकोर एकेकाळी त्याच्या हाताखाली शिकला होता. आता तोच त्याला शुक्रवारी सकाळी टॅक्सी पाठवून बोलावून घेत होता, आणि टॅक्सीतून येताना एलादिओला सारखं वाटत होतं की यांनी चुकीच्या माणसाला बोलावलंय.

गोष्ट साधी होती. माणसाच्या गळ्यात भाताच्या शिताएवढ्या चार ग्रंथी असतात. रक्तातल्या कॅल्शियमवर त्यांची नजर असते. त्यातली एखादी बिघडली की ती हाडांतलं कॅल्शियम उपसत राहते. माणूस नुसता खोकला तरी बरगडी मोडते. बिघडलेली ग्रंथी कापून काढली की आजार संपतो, पण आधी ती सापडली पाहिजे. कधी कधी ती गळ्यात नसतेच, भलतीकडेच लपून बसलेली असते. ती शोधण्यासाठी हिमेना इरिओन्दो नावाच्या तरुण रसायनतज्ज्ञ बाईनं चार वर्षं खपून एक किरणोत्सारी द्रव्य बनवलं होतं. टोचलं की ते नेमकं त्या ग्रंथीत जाऊन बसायचं आणि तिथून चमकायचं. केंद्रात सगळे त्याला 'काजवा' म्हणायचे.

माणसांना टोचण्याआधी उंदरांवर लागोपाठ तीन चाचण्या पार पडायला हव्या होत्या. दोन पार पडल्या. दोन्ही वेळा उंदराच्या खांद्यावर रुजवलेली गाठ तेवढी चमकली, हाडं काळोखात राहिली. काल, गुरुवारी, तिसरी चाचणी होती.

"आणि तिसरीला हाडं पेटली," बेंतांकोर म्हणाला. "म्हणजे द्रव्य फुटलं. त्यातलं किरणोत्सारी फ्लोरिन सुटं झालं की ते सरळ हाडांत जातं, हे तुम्हीच आम्हाला शिकवलंत. पण सकाळी सव्वानऊला हिमेनानं लिहून दिलंय की द्रव्य अठ्ठ्याण्णव टक्के शुद्ध होतं. दोन्ही खरं कसं असेल? उंदरांची चित्रं काढणारा गादेआ म्हणतो, पोरीनं आकडे खोटे लिहिले."

"आणि तू काय म्हणतोस?"

"मी काही म्हणत नाही. उद्या सकाळी दहाला समिती बसतेय. खोटे आकडे म्हटले की हिमेनाची नोकरी गेली, काजवा बंद, आणि इस्पितळाच्या यादीत बारा माणसं त्याची वाट बघताहेत ती बसली तशीच." त्यानं पडदा बंद केला. "तुम्हाला आज संध्याकाळपर्यंतचा वेळ आहे, मास्तर."

२

हिमेना आपल्या टेबलावरची पुस्तकं खोक्यात भरत होती.

"रडून झालंय माझं," ती वर न बघता म्हणाली. "त्यामुळे बिनधास्त विचारा."

"खोकं कशाला?"

"उद्या भरण्यापेक्षा आज भरते. उद्या सगळे बघत असतील."

एलादिओनं खोक्यातलं वरचं पुस्तक उचललं, चाळलं आणि परत ठेवलं. "चाचणी एकटीनं केलीस?"

"निबियाबाई सोबत होत्या. दोघींच्या सह्या आहेत. आठ वाजता द्रव्य तयार झालं, किरणोत्सार चाळीस मिलिक्युरी. सव्वानऊला तपासणी संपली. बाटली शिशाच्या डब्यात घातली, झाकणावर नाव लिहिलं, डबे द्यायघ्यायच्या खिडकीत ठेवली. खिडकीतून साडेनऊनंतर कुणी उचलली ते मला ठाऊक नाही. मी अहवाल लिहीत बसले होते." मग तिनं पहिल्यांदा त्याच्याकडे बघितलं. "मास्तर, मी खोटं लिहिलेलं नाही."

"लिहिलंस असं मला वाटतच नाही," एलादिओ म्हणाला आणि लगेच मनात घाबरला, कारण वाटण्यापलीकडे त्याच्यापाशी काहीच नव्हतं.

निबिया फागुन्देस कॉरिडॉरच्या टोकाला बाकावर बसली होती. मांडीशी थर्मास, हातात येर्बाचा, म्हणजे कडू पानांच्या चहाचा, तुंबा. आत प्रयोगशाळेत पाण्याचा घोटही घ्यायला बंदी, म्हणून रोज साडेनऊला सगळे इथं जमत आणि तुंबा एकाच्या हातातून दुसऱ्याच्या हातात फिरे. भरून द्यायचा मान निबियाचा. तीस वर्षं तोच.

"ये रे वाळक्या," ती म्हणाली. "घरी बसून पुस्तकांतली झुरळं मारायची सोडून इकडे कुठे?"

"बोलावलं म्हणून आलो. तुझी सही आहे ना त्या कागदावर?"

"आहे. आणि गादेआ म्हणतो म्हातारी डोळे मिटून सही करते. त्याला म्हणावं, तुझ्या लग्नाच्या नोंदणीवर साक्षीदार म्हणून मीच सही केली होती, तेवढी एकच डोळे मिटून केली." तिनं तुंबा त्याच्या हातात दिला. एलादिओनं नळी ओठाला लावली. कडू, कढत, नेहमीसारखं.

"काल कोण कोण होतं इथं?"

"नेहमीचेच. गादेआ, मी, गाडीवाला विल्मार, संचालकसाहेब दोन मिनिटं. हिमेना नव्हती. गादेआ मॅचबद्दल बडबडत होता. पावणेदहाला उठला, खिडकीतून डबा घेतला आणि उंदरांकडे गेला." ती हसली. "विल्मारचं पोट बिघडलेलं दिसलं. पहिल्याच तुंब्याला 'आभार' म्हणाला."

"पहिल्याच?"

"बावीस वर्षांत पहिल्यांदा. एरवी पाणी संपेपर्यंत हलत नाही मेला."

चक्रात बसलेला माणूस तुंबा परत देताना गप्प राहिला तर त्याला पुन्हा मिळतो. 'आभार' म्हटलं की त्याचं पुरे झालं, तो उठला. एलादिओनं तुंबा गप्पपणे परत केला आणि निबियानं तो पुन्हा भरला.

गादेआ मात्र त्याला उभ्यानंच भेटला. प्राण्यांची छायाचित्रं काढणारा विभाग त्याचा. त्याचं स्वतःचंही एक द्रव्य चालू होतं आणि यंत्राच्या वेळेवरून त्याचं हिमेनाशी वर्षभर वाजत होतं.

"मी सांगतो मास्तर, तुम्ही कुणाकडे बघताय ते," तो म्हणाला. "काजवा मेला तर यंत्र मला. बरोबर? मग लिहा, गादेआनं विष घातलं. पण एक विचारतो. मला चाचणी पाडायची असती तर मी हाडं पेटवली असती? हा डाग शाळेतलं पोरही ओळखेल. मी शिळी बाटली टोचली असती, चित्र पुसट आलं असतं, आणि तुम्ही सगळ्यांनी नशिबाला बोल लावला असता."

हे एलादिओला मनोमन पटलं. पटलं म्हणूनच तो आणखी गोंधळला. इथं ज्याला रसायन कळतं त्या कुणीही असं केलं नसतं.

"तुझी कालची वही बघू?"

"बघा की. चिकटवलंय त्यात सगळं."

३

वहीत यंत्रातून निघालेली बोटभर चिठ्ठी चिकटवलेली होती. बाटली आली की ती मोजणीच्या यंत्रात उतरवतात. किती किरणोत्सार आहे तो आकडा आणि वेळ आपोआप छापून येते. पुढे प्रत्येक उंदराच्या इंजेक्शनची पिचकारी वेगळी मोजतात, म्हणून बाटलीच्या आकड्याकडे कुणी फारसं बघत नाही.

एलादिओनं बघितलं. नऊ पन्नास. तीस.

तो खाली बसला.

या द्रव्याचं घड्याळ त्याच्या आतच असतं. एकशेदहा मिनिटं झाली की ते बरोबर निम्मं होतं. पुढच्या एकशेदहा मिनिटांत त्याच्या निम्मं. थंडी असो, ऊन असो, समिती बसो वा न बसो. तापवलं तरी घाई नाही, गोठवलं तरी उशीर नाही. माणूस खोटं लिहील, कागद हरवेल, पण हा उतार कुणाच्या सांगण्यानं बदलत नाही. तरुणपणी एलादिओला वाटायचं की जगात खरं बोलणारी एवढी एकच वस्तू आहे. आज पुन्हा तसंच वाटलं.

हिमेनाचा काजवा आठ वाजता चाळीस होता. आठ अधिक एकशेदहा मिनिटं म्हणजे नऊ पन्नास. म्हणजे त्या घटकेला वीस असायला हवा होता.

यंत्र तीस म्हणत होतं. द्रव्य कमी होऊ शकतं, सांडू शकतं. वाढू शकत नाही.

म्हणजे ती बाटली काजव्याची नव्हतीच.

मग कुणाची? त्यानं पाकिटाच्या मागे उलटं गणित मांडलं. नऊ पन्नासला तीस, म्हणजे आठला साठ, म्हणजे सहा दहाला एकशेवीस. खाली तळमजल्यावर जाऊन त्यानं सकाळच्या पाळीची नोंदवही उघडली. 'गुरुवार, ०६.१०. साधं फ्लोराइड, इस्पितळासाठी, हाडांच्या तपासणीकरता. १२०.'

हाडं का पेटली हे आता लहान मूलही सांगू शकलं असतं. उंदरांना हाडं पेटवणारंच औषध टोचलं होतं. काही फुटलं नव्हतं, कुणी खोटं लिहिलं नव्हतं. हिमेना सुटली.

पण एलादिओ जिथल्या तिथे उभा राहिला. गुरुवारपासून सगळे एकच प्रश्न विचारत होते: उंदरांच्या बाटलीत वाईट काय गेलं? आता दुसराच प्रश्न समोर आला होता.

चांगली बाटली कुठे गेली?

नोंदीप्रमाणे खिडकीत त्या वेळी दोनच डबे होते. एक उंदरांकडे गेला. दुसरा दहा वाजता इस्पितळाच्या गाडीत चढला. माणसाला कधी न टोचलेलं द्रव्य काल कुणाच्या तरी शिरेत गेलं होतं.

४

इस्पितळातल्या छायाचित्र विभागाची डॉक्टर ओलास्कोआगा चिडलेलीच होती.

"बरं झालं कुणीतरी आलं. तुमचं कालचं फ्लोराइड भिकार होतं. तक्रार लिहून तुमच्या गाडीवाल्याच्या हातात दिली, अजून कुणाचा साधा फोन नाही."

"गाडीवाल्याच्या हातात?"

"मग काय कबुतराच्या पायाला बांधू?"

काल हाडांच्या तपासणीला एकच रुग्ण होता. अकरा चाळीसला बाटली मोजली, ती दहा भरली. झाकणावरच्या हिशेबानं पंधरा भरायला हवी होती. एलादिओनं मनात भागाकार केला. काजवा नऊ पन्नासला वीस, अकरा चाळीसला दहा. तंतोतंत.

"कमी भरली, तरी एका माणसाला पुरत होती, म्हणून टोचली," डॉक्टर म्हणाली. "चूक माझी. थांबायला हवं होतं. चित्र बघा."

पडद्यावर एका बाईची आकृती आली. हाडं कुठेच नव्हती. यकृत, मूत्रपिंडं, जबड्याखालच्या लाळेच्या ग्रंथी मंद उजळलेल्या, समुद्रावर धुक्यात दिवे दिसावेत तशा. आणि छातीच्या मध्यावर, उरोस्थीच्या मागे, हृदयाच्या किंचित वर, एक ठिपका. भाताच्या शिताएवढा. बाकी सगळं पुसट असताना तो एकटा टोकदार होता.

"हा ठिपका?"

"कचरा असेल. बिघडलेल्या औषधात असं येतं." मग तिनं एलादिओच्या चेहऱ्याकडे बघितलं. "काय झालं? पाणी देऊ?"

"बाईंना काय होतं?"

"ओफेलिया सिल्व्हेरा. एकसष्ट. कपडे शिवते. दोनदा गळा उघडला, ग्रंथी सापडली नाही. हाडं चुरा होताहेत, गेल्या महिन्यात शिंकताना बरगडी गेली. तुमच्या त्या काजव्याच्या यादीत तिसरं नाव आहे तिचं. काजवा टोचायच्या आधी हाडांची अवस्था बघायची, म्हणून काल बोलावली होती."

दोन सर्जनांनी ती ग्रंथी गळ्यात शोधली होती. ती गळ्यात नव्हतीच. गर्भात असताना खाली उतरून छातीत जाऊन बसली होती आणि एकसष्ट वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी तिला बघत होतं.

"डॉक्टर," एलादिओ म्हणाला, "हे औषध बिघडलेलं नव्हतं."

त्यानं सगळं सांगितलं. ती ऐकता ऐकता खुर्चीत बसली. मग एकदम पडद्याकडे वळून तिनं तो ठिपका मोठा केला आणि दोघंही त्याच्याकडे बघत राहिले.

"घरचं कुणी आहे तिला?" एलादिओनं विचारलं, जरी उत्तराची त्याला भीती वाटत होती.

"भाऊ आहे ना. तुमचाच गाडीवाला. काल तिचा हात धरून बसला होता. तुम्हाला ठाऊक नव्हतं?"

५

विल्मार पिंतोस गाडीत बसला होता. मागे शिशाचे डबे, पुढे काचेतून येणारं ऑगस्टचं, इथल्या हिवाळ्याचं गार ऊन. एलादिओ शेजारच्या आसनावर चढला आणि दार ओढून घेतलं. काय विचारायचं ते त्यानं वाटेत चारदा घोकलं होतं, पण आता त्याला एकच वाक्य आठवलं.

"पहिल्याच तुंब्याला उठलास तू."

विल्मार समोर बघत राहिला. "निबियाबाईंची जीभ," तो म्हणाला.

"तिला वाटलं तुझं पोट बिघडलं."

"पोट नाही बिघडलं, मास्तर." त्यानं खिशातून चारदा घडी घातलेला कागद काढून त्याच्या मांडीवर ठेवला. डॉक्टरीणबाईंची तक्रार. "फाडणार होतो. फाडवेना."

"झाकणं बदललीस ना?"

"पाच सेकंदांचं काम. इकडचं तिकडे. बाटलीवर तर काही लिहिलेलंच नसतं." त्यानं तोंडावरून हात फिरवला. "आई गेली तेव्हा मी सहा वर्षांचा होतो. ओफेलियानं मला वाढवलं, लोकांच्या पँटी शिवून. दोनदा तिचा गळा चिरला. मग ऐकलं, काजवा माणसांना द्यायला अजून आठ महिने. तिला आठ महिने आहेत का, मास्तर? तुम्ही शिकलेले, तुम्ही सांगा."

"ते द्रव्य माणसात कधी गेलं नव्हतं, विल्मार. तिला काही झालं असतं तर?"

"रात्रंदिवस तोच विचार. टोचताना मी तिच्या तोंडाकडे बघत होतो. ती मला म्हणाली, असा काय बघतोस, दुधात माशी पडल्यासारखा." तो हसला आणि त्याचे डोळे भरले. "आणि मी तरी किती गाढव. वाटलं, चित्र निघालं की डॉक्टरीणबाई ओरडतील, सापडली, सापडली. त्यांना वाटलं औषध नासलं. आता मी कुठल्या तोंडानं सांगू की नासलं नाही?"

"आणि हिमेना?"

विल्मारनं पहिल्यांदा मान खाली घातली. "बावीस वर्षं डबे वाहतो, आत काय असतं ते मला कुठे कळतं? वाटलं, दोन्हींत फ्लोरिनच. उंदरांना काय, एक दिवस वाया जाईल, परत टोचतील. तिच्यावर येईल हे देवाशपथ डोक्यात आलं नाही. काल संध्याकाळी ती खोकी मागायला आली माझ्याकडे. पुस्तकांसाठी. मीच दिली शोधून."

बाहेर एक बाई कुत्र्याला ओढत चालली होती. दोघंही ती दिसेनाशी होईपर्यंत बघत राहिले.

"उद्या दहाला," एलादिओ म्हणाला. "मी सांगू की तू सांगतोस?"

"तुम्ही अडकलात की मी बोलतो," विल्मार म्हणाला. "तुम्ही नेहमी अडकताच."

६

तो अडकलाच. समितीची पाच माणसं, पाण्याचा जग, भिंतीवर सहा सांगाड्यांचं मोठं चित्र. एलादिओनं पाकिटाच्या मागचं गणित फळ्यावर उतरवलं आणि खडू दोनदा मोडला. आठला चाळीस, नऊ पन्नासला वीस. सहा दहाला एकशेवीस, आठला साठ, नऊ पन्नासला तीस. यंत्रानं छापलेले तीस. इस्पितळातले दहा. गादेआनं स्वतः उठून आकडे तपासले, बराच वेळ फळ्याकडे बघत राहिला आणि म्हणाला, "माझ्याच वहीत होतं हे. मी चिकटवलं आणि पान उलटलं." मग हिमेनाकडे वळून, कुणाला ऐकू जाईल न जाईल अशा आवाजात, "चुकलो मी, पोरी."

"पण डबे बदलले कुणी?" अध्यक्षांनी विचारलं.

एलादिओनं तोंड उघडलं, मिटलं.

"मी," दाराशी उभा असलेला विल्मार म्हणाला. त्यानं गाडीत सांगितलं होतं तेच पुन्हा सांगितलं, आणखी थोडक्यात. निबियानं हात तोंडावर नेला. हिमेना त्याच्याकडे बघत राहिली. तिच्या चेहऱ्यावर राग होता आणि दुसरंही काही होतं, त्याचं नाव एलादिओला सापडलं नाही.

"गुन्हेगार मिळाला म्हणायचं," अध्यक्ष म्हणाले.

"एक राहिला," एलादिओ म्हणाला.

आता त्याला अडखळायला झालं नाही, याचंच त्याला पुढे नवल वाटत राहिलं.

"बाटलीच्या काचेवर काही लिहायचं नाही, नाव फक्त झाकणावर लिहायचं, हा नियम पंचवीस वर्षांपूर्वीचा आहे. काच वाचायला माणूस वाकतो, डोळे आणि बोटं उघड्या बाटलीशी जातात. एक सेकंद वाचवा, असं मी भिंतीवर लिहून लावलं होतं. नियम माझा. तेव्हा आपण एकच औषध बनवायचो, झाकणं बदलून काही बिघडलं नसतं. मग दोन झाली, चार झाली, आणि नियमाकडे कुणी परत बघितलं नाही. मीसुद्धा नाही. विल्मारनं झाकण उचललं. पण ज्या डब्यात काय आहे हे फक्त झाकणच सांगतं, तो डबा मी त्याच्या पुढ्यात ठेवला होता. हे कागदावर यावं, असं माझं म्हणणं आहे."

ते कागदावर आलं. विल्मारची नोकरी गेली. कायद्याचं काय ते पुढे होणार होतं. गुरुवारची चाचणी झालीच नाही असं धरून ती बुधवारी पुन्हा घ्यायची ठरली, काचेवर नाव लिहून. ओफेलियाबाईंना सगळं खरं सांगायचं आणि वर्षभर त्यांची तपासणी करत राहायचं, हेही ठरलं. त्यांचं चित्र कुठल्याही अहवालात धरायचं नाही.

"अहवालात नाही धरणार," मागच्या रांगेतून डॉक्टर ओलास्कोआगा म्हणाली. "पण बघितलेलं मी आता न बघितलेलं कसं करू? मंगळवारी त्यांच्या छातीचा साधा स्कॅन सांगितलाय मी. त्याला कुणाची परवानगी लागत नाही."

बाहेर आल्यावर हिमेना त्याच्याजवळ थांबली. "मास्तर, त्यांना सांगायला कोण जाणार आहे?"

"डॉक्टर जाऊन आली. पण बाईंना म्हणे बनवणाऱ्यांपैकी कुणाशी तरी बोलायचंय."

"मग मी येते," ती म्हणाली.

७

रविवारी दुपारी ला तेहा वस्तीत घरोघरी मांस भाजण्याचा धूर होता. ओफेलिया सिल्व्हेरा शिवणयंत्रापाशी उशांचा टेकू घेऊन बसली होती. विल्मार स्वयंपाकघरात काहीतरी आपटत होता.

"त्याच्याशी मी बोलत नाहीये," ती म्हणाली. "मला विचारलं असतं तर मी हो म्हटलं असतं. विचारलं नाही म्हणून बोलत नाही. ऐकलंस का रे?" स्वयंपाकघरातली आपटाआपट थांबली आणि पुन्हा सुरू झाली. मग तिनं हिमेनाला जवळ बसवून घेतलं. "तू बनवलंस? एवढीशी तर आहेस."

"दुखतंय का कुठे?" हिमेनानं विचारलं. "ताप, मळमळ?"

"जुनंच दुखतंय सगळं. नवीन काही नाही. मला एकच विचारायचंय. ते माझ्यात अजून आहे का?"

हिमेनानं एलादिओकडे बघितलं. त्यानं भिंतीवरच्या घड्याळाकडे नजर टाकली. साडेचार होत आले होते. खिशातलं पाकीट काढून त्यानं त्याची उरलेली कोरी बाजू शोधली, पेन्सिलीनं काही मांडलं, खोडलं, पुन्हा मांडलं.

"गुरुवारी पावणेबाराला तुमच्यात साधारण साडेतीन लाख कोटी अणू गेले," तो म्हणाला. "दर एकशेदहा मिनिटांनी निम्मे विझतात. असं बेचाळीस वेळा झालं की एखादाच उरतो. काही आधीच लघवीवाटे गेले असतील, त्यामुळे नक्की नाही सांगता येणार. मी चुकतही असेन. पण हिशेबानं बघितलं तर शेवटचा..." त्यानं पुन्हा घड्याळ बघितलं. "शेवटचा साधारण आत्ताच. पाच वाजायच्या आत."

ओफेलियानं नकळत छातीवर हात ठेवला. स्वयंपाकघरातला आवाज बंद झाला. विल्मार दारात येऊन उभा राहिला होता.

"विझला की त्याचं काय होतं?" तिनं विचारलं. "राख?"

"नाही," हिमेना म्हणाली. "प्राणवायू होतो. आम्ही तो प्राणवायूपासूनच बनवतो. एका खास पाण्यातला प्राणवायू घेतो, त्याला धक्का देतो, तो काही तासांपुरता दुसराच कुणी होतो. मग आपोआप परत जातो."

"म्हणजे साधी हवा?"

"आपण आत घेतो तीच."

शेजारच्या अंगणात कुणीतरी कोळशावर पाणी मारलं आणि चर्र झालं. ओफेलिया घड्याळाच्या काट्याकडे बघत होती. पाच वाजेपर्यंत ती तशीच बसून राहिली, ओठ घट्ट मिटून, जणू आत चाललेल्या कशाला तरी तिला व्यत्यय आणायचा नव्हता. पाचचा ठोका पडला तेव्हा तिनं नाकानं हळूहळू, बरगड्या सांभाळत, एक लांब श्वास सोडला.

"विल्मार," ती म्हणाली, "पाहुण्यांना ताटं घे."